चित्र जितकं कमी, प्रतीची परीक्षा तितकी कडक

माझ्या मावसबहिणीने बडोद्यात गोत्रीला नवा फ्लॅट घेतला. सोफा आला, पडदे आले, सोफ्यामागची भिंत मात्र मोकळीच राहिली. महिनाभर शोधाशोध करून तिने मला मोबाइलवर दोन जाहिराती पाठवल्या. दोन्हींत एकच चित्र होतं, पांढऱ्यावर बारीक करड्या आडव्या रेघा. दोन्हींखाली एकच ओळ होती, ‘म्युझियम क्वालिटी प्रिंट, फ्रेमसह’. एकीची किंमत अठराशे, दुसरीची एकोणीस हजार. खाली तिचा प्रश्न: “ताई, चित्र तेच, शब्दही तेच. मग मधले सतरा हजार कशाचे?”

छपाईच्या कामात मी वीसेक वर्षं घालवली आहेत, तरी दोन ओळींत उत्तर देता येईना. असाच प्रश्न बडोद्यातले इतर ओळखीचेही हल्ली विचारतात, कारण नव्या घरांच्या पांढऱ्या भिंतींना ‘मिनिमल’ चित्र लावायची आवड सगळीकडे पसरली आहे. म्हणून तिला दिलेलं उत्तर जरा सविस्तर लिहिते.

## आधी हे चित्र काय प्रकारचं आहे?

मिनिमलिझम हा शब्द १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रुळला. चित्रातून गोष्ट काढली, माणसं काढली, झाडं-डोंगर काढले, कुंचल्याचे फटकारेही काढून टाकले, तर मागे काय उरतं? रेघ, रंग, पृष्ठभाग आणि हे सगळं केवढं मोठं आहे ते माप. उरलेल्या एवढ्याच गोष्टींकडे नीट बघायला लावणारी ही कला. फ्रँक स्टेला, डोनल्ड जड, अ‍ॅग्नेस मार्टिन ही तिच्यातली नेहमी घेतली जाणारी नावं. मार्टिनबाईंना स्वतःला हे लेबल पसंत नव्हतं, तरी ते त्यांना चिकटलं. या सगळ्यांच्या कितीतरी आधी, १९१५ साली, काझिमिर मालेविचने रशियात पांढऱ्यावर एक काळा चौकोन रंगवून हा रस्ता उघडला होता.

बडोद्याच्या माणसाला यासाठी फार लांब बघायला नको. नसरीन मोहम्मदी १९७२ पासून १९९० मध्ये जाईपर्यंत आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये शिकवत होत्या. कागद, पेन्सिल, शाई आणि आराखडे काढायची अवजारं एवढ्यावर त्यांचं काम चालायचं. चित्रांना नावं नाहीत, बहुतेकांवर तारीखही नाही. आजाराने शरीर साथ देईनासं झालं तरी रेघ ढळली नाही. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ‘मेट ब्रॉयर’ ही आधुनिक कलेची शाखा उघडली, तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत नसरीनबाईंचं एकल प्रदर्शन होतं. त्यांना मिनिमलिस्ट म्हणावं का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण त्यांच्या एखाद्या कागदासमोर पाच मिनिटं उभं राहिलं की ‘कमी’ या शब्दात किती काय मावतं ते समजतं. नागपूरला जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडेही याच वाटेच्या आसपासचे.

जाहिरातीतला ‘मिनिमल’ मात्र पुष्कळदा वेगळाच असतो. मातकट रंगाची कमान, अर्धवट सूर्य, एका रेघेतला चेहरा. ही सजावटीसाठीच संगणकावर तयार केलेली डिझाइनं, त्यांच्यामागे मूळ चित्र म्हणून काही नसतंच. आवडलं तर जरूर लावावं. तिथे ‘म्युझियम’ हा शब्द फार तर कागद-शाईपुरता खरा असू शकतो. पुढचं सगळं मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल आहे: एखाद्या चित्रकाराच्या एखाद्या विशिष्ट कामाची प्रत.

## वरण-भाताचा न्याय

आपली सेव-उसळ घ्या. वाटाणा किंचित कमी शिजला असला तरी तर्री, कांदा आणि मूठभर शेव त्याला सांभाळून घेतात. साध्या वरणाला तशी सोय नाही. तूर जुनी असेल, हिंग जास्त पडला असेल, तूप जरासं खवट असेल, तर पहिल्याच घासाला कळतं.

चित्रांच्या प्रतींचंही तसंच आहे, आणि याचा पुरावा बडोद्याच्याच इतिहासात आहे. राजा रविवर्म्यांना सयाजीरावांच्या दरबाराने चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं आणि १८९० पर्यंत ती पूर्ण झाली. बडोद्याचे दिवाण राहिलेल्या टी. माधवरावांनीच त्यांना चित्रांच्या ओलिओग्राफ प्रती काढून घ्यायचं सुचवलं होतं. ओलिओग्राफ म्हणजे एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून केलेली, वर तेलरंगासारखी चकाकी दिलेली छपाई. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या.

माझ्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी अशीच छापील होती. लाल साडी विटकरी झाली होती, कमळ पिवळट पडलं होतं. तरी ती लक्ष्मीच होती. चेहरा, चार हात, हत्ती, पाणी, गोष्ट सगळी शाबूत होती. फतेसिंह म्युझियममध्ये रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं बघितली की प्रतीत किती हरवलं ते जाणवतं, पण ते हरवूनही आजीचं काम अडलं नाही.

आता पांढऱ्यावरच्या करड्या रेघांच्या चित्राचा तसाच विटका अवतार डोळ्यांपुढे आणा. पांढरा पिवळा झाला, करडा हिरवट झाला, बारीक रेघ जाड आणि धुरकट झाली. मागे काय राहिलं? काहीच नाही. गोष्ट नव्हतीच, जे होतं ते कागद, रेघ आणि रंगाच्या छटेत होतं. म्हणून लोकांच्या नेहमीच्या समजाच्या नेमकं उलट खरं आहे. ‘तीन रेघा तर आहेत, कुठेही छापून मिळतील’ असं वाटतं, पण चित्रात जितकं कमी, तितकी त्याची प्रत काढणं कठीण.

मालेविचचा चौकोन जवळपास ८० सेंटिमीटर लांब-रुंद आहे आणि मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. त्याचा काळा रंग गुळगुळीत नाही, सगळीकडे तडकलेला आहे. भेगांमधून खालचे रंग डोकावतात, कारण खाली आधीची रंगीत चित्रं आहेत. बाजारातल्या कितीतरी प्रतींत हा चौकोन संगणकावर सपाट काळा भरून विकला जातो. ती मालेविचच्या चित्राची प्रत म्हणताच येणार नाही. ती फक्त त्या चित्राची कल्पना आहे.

## ‘म्युझियम क्वालिटी’चा शिक्का कोण मारतं?

कोणीच नाही. सोन्याच्या दागिन्याला हॉलमार्क असतो, तुपाच्या डब्यावर अ‍ॅगमार्क असू शकतो. ‘म्युझियम क्वालिटी’ या शब्दांमागे असा सरकारी किंवा कायद्याचा शिक्का नाही. विकणारा स्वतःच ते लिहितो, आणि अठराशेवालाही तितक्याच ठामपणे लिहू शकतो.

जाहिरातीत अजून एक शब्द भेटेल: जिक्ले. हा १९९१ च्या सुमारास अमेरिकेत घडवलेला, फ्रेंच वळणाचा शब्द. मूळ क्रियापदाचा अर्थ फवारणं, चिळकांडी उडवणं. म्हणजे शाईचे सूक्ष्म थेंब फवारून केलेली उत्तम दर्जाची इंकजेट छपाई. ‘इंकजेट’ म्हटलं की ऑफिसातला प्रिंटर डोळ्यांपुढे येतो, म्हणून हे नवं नाव. नाव चांगलं आहे, पण त्यानेही कशाची हमी मिळत नाही. हमी हवी असेल तर शब्द बाजूला ठेवून फाइल, शाई, कागद, माप आणि फ्रेम यांची वेगवेगळी चौकशी करावी लागते.

## फाइल: रेघ जगली की मेली, इथेच ठरतं

मूळ चित्राचा फोटो किंवा स्कॅन किती बारकाईने घेतला, यावर सगळं उभं आहे. चांगल्या छपाईत इंचाला ३०० ठिपके धरतात. म्हणजे एक ठिपका साधारण ०.०८५ मिलिमीटरचा. आराखड्याच्या पेनाची बारीक रेघ ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते, म्हणजे अशा रेघेच्या वाट्याला जेमतेम एक-दोन ठिपके येतात. इतकी तंग परिस्थिती असते.

आता नेटवरून उतरवलेलं १२०० ठिपके रुंदीचं चित्र २४ इंचांवर ताणलं, तर इंचाला पन्नासच ठिपके उरले. एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा झाला. ०.२ मिलिमीटरची रेघ त्यात कुठून मावणार? ती पायऱ्यापायऱ्यांची होते, तिच्याभोवती धुरकट पुरळ उठते. आणि रेघा एकमेकींच्या जवळ असतील तर टीव्हीवर बातम्या देणाऱ्याच्या बारीक रेषांच्या शर्टावर तरंग हलताना दिसतात ना, तसे नसलेले तरंग कागदावर उमटतात. रविवर्म्याच्या साडीच्या घड्यांत हे सगळं लपून गेलं असतं.

मावसबहिणीने दोन्ही विक्रेत्यांना विचारलं की रेघेचा अगदी जवळून घेतलेला, छापलेल्या कागदाचा फोटो पाठवा. अठराशेवाल्याने पुन्हा जाहिरातीतलंच चित्र पाठवलं. इतका साधा प्रश्न, पण पुष्कळ काही सांगून गेला.

## शाई: साखर आणि गेरू

इंकजेट शाया दोन जातीच्या. एकीत रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो, तिला डाय शाई म्हणतात. दुसरीत रंगाचे घन कण गेरूसारखे पाण्यात तरंगत असतात, ती पिगमेंट शाई. विरघळलेला रंग सुरुवातीला चमकदार दिसतो, पण उजेड आणि हवा त्याचे रेणू सहज मोडतात. घन कण जास्त काळ तग धरतात. भिंतीवर वर्षानुवर्षं लावायची प्रत असेल तर पिगमेंट शाईच हवी.

उजेडाने रंग जातो हे आपल्याला स्वयंपाकघरातून ठाऊक आहेच. साडीवर हळदीचा डाग पडला की धुऊन उन्हात टाकतात, आणि ऊन तो खाऊन टाकतं. भिंतीवरच्या चित्राला ऊन तेच करतं, फक्त हळूहळू. कागदावरच्या नाजूक कामांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्स इतकाच मंद उजेड ठेवतात. भर दुपारचं थेट ऊन एक लाख लक्सच्या घरात जातं. बडोद्याच्या एप्रिल-मेमधली पश्चिमेची खिडकी आठवून बघा. कितीही महागडी शाई तिथे हरेल.

करड्या रंगाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण अशी चित्रं बहुतेक करड्यावरच उभी असतात. साधा प्रिंटर निळा, गुलाबी, पिवळा मिसळून करडा ‘बनवतो’. तो एका दिव्याखाली करडा दिसतो, दुसऱ्याखाली हिरवट. साडीला मॅचिंग ब्लाउजपीस घेताना आपण दोन्ही कापडं दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघतो, ते याचसाठी. कलाप्रतींच्या चांगल्या प्रिंटरमध्ये काळ्यासोबत करड्याच्याही वेगळ्या शाया असतात. ‘तुमच्या मशीनमध्ये ग्रे शाया आहेत का?’ हा प्रश्न विचारायला अजिबात लाजू नका. प्रत हातात आली की ती सकाळी खिडकीपाशी बघा आणि रात्री घरातल्या एलईडीखाली बघा.

## कागद: पांढरा तो चांगला, असं नाही

वर्तमानपत्र आठवडाभर उन्हात पडलं की पिवळं होतं. लाकडाच्या लगद्यात लिग्निन नावाचा घटक असतो, तो उजेडाने आणि हवेने पिवळा पडतो आणि कागद आम्लधर्मी होत जातो. चांगल्या प्रतीसाठी सुती कागद वापरतात. त्यात कापसाचे धागे असतात, लिग्निन जवळपास नसतं, आणि तो आम्लविरहित असतो. झेरॉक्सचा कागद ७५-८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन तितके ग्रॅम), तर कलाप्रतींचा साधारण ३०० जीएसएमच्या आसपास. हातात घेतला की अंगचा भारदस्तपणा कळतो.

फसगत होते ती शुभ्रपणात. कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणा खुलवणारी रसायनं असतात, तशीच स्वस्त कागदातही घालतात. सुरुवातीला कागद निळसर शुभ्र झळकतो, पण काही वर्षांत रसायनांचा जोर ओसरतो आणि खालचा पिवळा उघडा पडतो. ज्या चित्रात तीन चतुर्थांश जागा नुसती पांढरी आहे, तिथे हा चित्राचाच नाश आहे. तपासायची युक्ती सोपी: दुकानदाराकडे नोटा बघायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली कागदाचा कोपरा धरा. झगमगता निळा उजळला तर रसायनं आहेत. मंद राहिला तर बरा. चांगला सुती कागद किंचित साईसारखा दिसतो. त्याला मळका समजून परत करू नका.

## माप: सोफ्याएवढं चित्र हवं, हा हट्ट

यावरून आमचं बरंच बोलणं झालं. सोफा सात फुटांचा, म्हणून तिला पाच फुटांची प्रत हवी होती. मूळ चित्र मात्र वहीच्या जोडपानांएवढं.

मोठं केलं तर काय बिघडलं? या चित्रांत माप हाच आशयाचा भाग आहे. अ‍ॅग्नेस मार्टिनचे कित्येक कॅनव्हास सहा फूट चौरस आहेत. त्यांच्यासमोर उभं राहणारा माणूस जणू रेघांच्या आत शिरतो. तेच चित्र दीड फुटाचं केलं की पेन्सिलीच्या रेघा विरून जातात आणि नुसता करडा चौकोन उरतो. उलट नसरीनबाईंसारखं कागदावरचं काम पाच फूट केलं की केसासारखी रेघ सुतळीसारखी होते. मूळ रेघेत हाताने धरलेला श्वास असतो, मोठ्या प्रतीत तो ऐकूच येत नाही.

म्हणून माझा आग्रह असतो की प्रत शक्यतो मूळ मापाचीच घ्यावी, आणि ते जमत नसेल तर निदान जवळपासची. आणि चित्र कुठेही कापलेलं नसावं. लांबी-रुंदीचं मूळ प्रमाण बघा, फ्रेमच्या तयार मापात बसवायला कडा छाटलेल्या असतील तर प्रत घेऊ नका. जिथे रेघ कडेपासून दोन सेंटिमीटरवर थांबते, तिथे ते दोन सेंटिमीटरही चित्रकाराने ठरवलेले असतात.

## फ्रेम: अर्धं आयुष्य हिच्या हातात

माझ्या आजोबांचा एक फोटो दांडिया बाजारच्या घरात भिंतीवर होता. काच थेट फोटोवर टेकलेली. कितीतरी पावसाळे गेले, दमटपणाने फोटो काचेला चिकटला. नवीन फ्रेमसाठी काढायला गेलो तर त्यांचं कपाळ काचेवरच राहिलं. दुसरी प्रत नव्हती. फ्रेमबद्दल मी इतकी काटेकोर का आहे, ते यात आलं.

चित्र आणि काच यांच्यात हवा हवी. ते काम माउंट करतो, म्हणजे चित्राभोवतीची खिडकी कापलेली जाड पुठ्ठ्याची पट्टी. ही नुसती शोभा नाही. पण माउंटही आम्लविरहित हवा. जुन्या तसबिरींत माउंटच्या कापलेल्या कडेला तपकिरी रेघ दिसते, आणि चित्रावरही त्याच आकाराचा जळका पट्टा उमटलेला असतो. तो स्वस्त पुठ्ठ्यातल्या आम्लाने केलेला डाग असतो, आणि घरी काही केल्या निघत नाही.

चित्र पुठ्ठ्याला पूर्ण डिंक लावून चिकटवू देऊ नका, सेलोटेप तर नकोच नको. वरच्या कडेला दोन लहान कागदी बिजागऱ्यांनी ते टांगलेलं राहिलं पाहिजे. जतनाचं काम करणारे यासाठी जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, जी पुढे पाण्याने सोडवता येते. कागद हवेप्रमाणे फुगतो-आकसतो. त्याला चारही बाजूंनी जखडलं की पहिल्याच पावसाळ्यात लाटा येतात, आणि आडव्या रेघांच्या चित्रात लाट किती भयंकर दिसते ते सांगायला नको.

काचेचं गणित असं. साधी काच दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे ८ टक्के उजेड परतवते. चित्र गडद किंवा फिकट एकरंगी असेल तर आपल्याला त्यात स्वतःचाच चेहरा आणि ट्यूबलाइट दिसते. परावर्तन रोखणारी, अतिनील किरण अडवणारी काच महाग असते, पण एकोणीस हजारांतला रास्त खर्च कुठला असेल तर हा. अ‍ॅक्रिलिक काचेहून निम्म्याहूनही हलकं असतं, फुटत नाही, पण कोरड्या फडक्याने पुसलं की ओरखडे पडतात आणि धूळ ओढून घेतं.

मागची बाजू कुणी बघत नाही, आणि घोटाळा तिथेच असतो. चित्राला थेट हार्डबोर्ड लागलेला नसावा, मध्ये आम्लविरहित पुठ्ठा हवा. कडा कागदी टेपने बंद हव्यात, नाहीतर कसर शिरते. जुन्या वाड्यांच्या भिंतींना ओल असते, तिथे फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबरी चकत्या लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये वारा खेळतो. खिळा एक नको, दोन हवेत. आडव्या रेघांचं चित्र एका खिळ्यावर हमखास तिरकं होतं.

## छापायची परवानगी कुणाची?

भारतात कलाकृतीचा कॉपीराइट कलाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं असतो. मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ही वर्षं मोजायची. मालेविच १९३५ मध्ये गेला, डच चित्रकार मॉन्द्रियान १९४४ मध्ये, त्यांची चित्रं आपल्याकडे मुक्त आहेत. नसरीन मोहम्मदींचे हक्क २०५० अखेरपर्यंत आहेत, २००१ मध्ये गेलेल्या गायतोंड्यांचे २०६१ अखेरपर्यंत. अ‍ॅग्नेस मार्टिन २००४ मध्ये गेल्या, त्यांचे २०६४ पर्यंत. थोडक्यात, ज्या कलेला काटेकोर अर्थाने मिनिमलिझम म्हणतात ती जवळपास सगळी अजून हक्कात आहे.

म्हणून ‘परवानगी कुणाकडून घेतली?’ हा प्रश्न दर्जाचाही आहे. वारसांच्या किंवा संग्रहालयाच्या परवानगीने छापणाऱ्याला सहसा मूळ चित्राचा नीट फोटो मिळतो, रंग ताडून बघायला मिळतात. चोरून छापणाऱ्याकडे नेटवरचं चित्रच असणार. मुक्त झालेल्या चित्रांसाठी सोय चांगली आहे: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून आपल्याकडच्या मुक्त कलाकृतींच्या मोठ्या फाइली कुणालाही वापरायला खुल्या केल्या आहेत, अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनेही तसंच केलं आहे.

## “पण हे तर आमचा मुलगाही पट्टीने काढेल”

काढू दे, खरंच. चांगला कागद आणून द्या, आणि दोन-दोन मिलिमीटरवर शंभर रेघा एकसारख्या दाबाने काढायला सांगा. विसाव्या रेघेपर्यंत त्याला या कामाबद्दल आदर वाटायला लागेल. आणि जे निघेल ते त्याचं स्वतःचं मूळ चित्र असेल, खुशाल फ्रेम करून लावा.

## “कॅनव्हासवर छापलेली घेतली तर काचेची कटकटच नाही”

मूळ काम कॅनव्हासवरचं असेल तर विचार करता येतो. कागदावरचं काम कापडावर छापलं तर कापडाची वीण रेघेतून डोकावते आणि बारीक रेघ तुटक दिसते. शिवाय कॅनव्हास चौकटीवर ताणताना चित्राची कड बाजूला दुमडली जाते. या चित्रांत कड किती मोलाची, ते वर आलंच आहे.

## “प्रतीवर १२/५०० असं लिहिलंय, पुढे भाव वाढेल ना?”

प्रत ही गुंतवणूक समजून घेऊ नका. मशीनवर छापलेल्या प्रतीला क्रमांक घातल्याने ती मूळ होत नाही. खरं छापचित्र वेगळं. त्यात कलाकार स्वतः तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा, दगड किंवा लाकूड तयार करतो, मोजक्या प्रती काढतो, खाली पेन्सिलीने सही आणि क्रमांक घालतो. तिथे प्रत्येक प्रत मूळच मानली जाते. ज्योती भट्ट यांच्यासारख्या कलावंतांमुळे बडोदं या कलेचं मोठं ठिकाण झालं. एकोणीस हजार हातात असतील तर मी आधी फाइन आर्ट्सच्या मुलांच्या वार्षिक प्रदर्शनात चक्कर मारायला सांगेन. तिथे विद्यार्थ्याची सही असलेलं छापचित्र मिळालं तर त्याचा आनंद वेगळा.

## मग प्रत घ्यायचीच कशाला?

कारण सगळी चित्रं आपल्याला न्यूयॉर्कला जाऊन बघता येत नाहीत, आणि एखाद्या चित्राची रोजची सोबत हवीशी वाटते. ही मागणी मला मनापासून योग्य वाटते. प्रतीने ‘मी प्रत आहे’ एवढं खरं सांगावं, आणि मूळ कामाला शक्य तितकं जपावं.

मावसबहिणीने शेवटी दोन्ही जाहिराती सोडल्या. महागड्या विक्रेत्याचा कागद सुती होता, शाई पिगमेंट होती, पण परवानगीचं विचारल्यावर तो गप्प झाला. तिने एका परदेशी संग्रहालयाच्या दुकानातून वारसांच्या संमतीने छापलेली, मूळ मापाची, बिनफ्रेमची प्रत मागवली. ती नळकांड्यातून गुंडाळून आली. दोन दिवस कोऱ्या कागदांच्या मध्ये, पुस्तकांच्या वजनाखाली सपाट केली. मग आम्ही दोघी रावपुऱ्यातल्या फ्रेमवाल्या भाईंकडे गेलो, माउंटचा पुठ्ठा स्वतः नेला, आणि डिंकाचा डबा बाजूला ठेवायची विनंती केली. त्यांनी पहिल्यांदाच कागदी बिजागरीने चित्र टांगलं, आणि अशी दोन अजून करून बघायची म्हणून राहिलेली पट्टी मागून घेतली.

सोफ्यामागची भिंत पश्चिमेच्या खिडकीसमोर येते, म्हणून चित्र आता आतल्या पॅसेजमध्ये आहे, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, एकटंच. मोठी भिंत तिने मोकळी ठेवली.

काच पुसता पुसता भाईंनी विचारलं होतं, “बहेन, यात वरची बाजू कुठली?” मी पाकिटातली चिठ्ठी शोधायला लागले. मावसबहीण चित्राकडे बघून म्हणाली, “रेघा जिथे जवळजवळ येतात ना, ती खालची.”